ओळख न दाखवणारी खाला

सात रस्त्याच्या चौकात रुक्साना शेख समोरून येताना दिसली, तर ती आपणहून थांबेल, हसेल आणि ‘काय म्हणता, बरं हाय का?’ असं विचारेल ही आशा सोडून द्या. तुम्ही हाक मारलीत तर ओ देईल, ती काही बहिरी नाही. पण आपण होऊन नाही. लग्नात अगदी समोरच्या पंगतीला बसली असली तरी बाईची नजर आपली पानातल्या भातावर. सोलापुरात माणसाला माणूस दिसला की चार प्रश्न विचारल्याशिवाय कुणी पुढं सरकत नाही. तिथं असं वागणं म्हणजे गुन्हाच की. ‘दवाखान्यात काम करती म्हणून लई शिष्ट झालीय’ असं तिच्याबद्दल अर्धी गल्ली बोलते, आणि उरलेली अर्धी तिच्या नवऱ्याचे, गौसचे कान खाते. गौस रिक्षा चालवतो. तो ऐकून घेतो आणि मीटर टाकतो.

खरी गंमत अशी की तीन वर्षांमागं हीच रुक्साना एवढी बोलकी होती की एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईचं अख्खं घराणं टेंभुर्णी यायच्या आत तिला पाठ झालेलं असायचं. त्या बाईच्या सुनेला दिवस गेलेत, हे त्या बाईच्या व्याह्यांच्या आधी रुक्सानाला कळायचं. बोलणं हा तिचा श्वास होता म्हटलं तरी चालेल. आणि तिनं ते रस्त्यावर सोडून दिलं, तेही कुणी न सांगता. माझ्या मते असली माणसं शहरात दोन-चारच असतात, आणि त्यांना शिष्ट म्हणणाऱ्यांना काही कळत नाही.

सात रस्त्यापासून पाच मिनिटांवर एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना आहे. तिथं दर गुरुवारी दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचे मनाचे आजार तपासतात. पाटीवर या विभागाचं लांबलचक नाव आहे. ते कुणी वाचत नाही, सगळे ‘पोरांचा गुरुवार’ म्हणतात. डॉक्टर बिराजदार मॅडम तो चालवतात आणि रुक्साना तिथं मदतनीस आहे. केसपेपरची नोंद करणं, वजन करणं, कुणाला कुठं बसवायचं ते बघणं, ही तिची कागदावरची कामं. पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. लिंगायताचं पोरगं असो, पद्मशाल्याचं असो नाहीतर धनगराचं, तिथं ती सगळ्यांची खालाच.

कागदावर नसलेलं तिचं काम वेगळंच आहे. पोरानं बोलायचं तर आई-बाप खोलीबाहेर पाहिजेत, आणि आई-बाप काही हलत नाहीत. मॅडमनी ‘तू सांग बाळा, काय होतंय’ म्हणायचा अवकाश, आई सांगायला लागते. आई दम घ्यायला थांबली की बाप सुरू. पोरगं आपलं फरशीकडं बघत बसलेलं. अशा वेळी खाला दार उघडून डोकं आत घालते. ‘अवो भाऊ, तुमची गाडी आडवी लागलीय म्हणं, वॉचमन बोंबलतोय.’ भाऊ धावत जातात. त्यांच्याकडं गाडीच नसली तर ‘एक सही राहिलीय की.’ मग आईला, ‘चला वैनी, दोघी जाऊ, दोन घोट चहा घेऊ.’ आणि एकदा का ती दोघं फाटकाशेजारच्या चहाच्या गाड्यावर आली की खाला त्यांना अशी बोलण्यात गुंतवते की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. तेवढ्यात आत पोरगं बोललेलं असतं, कधी रडलेलंही असतं. ‘माझी अर्धी प्रॅक्टिस त्या चहाच्या गाड्यावर चालते,’ असं मॅडम सगळ्यांना सांगतात.

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिचा मुलगा ताबीश पंधराव्या वर्षी शाळेत जायचा बंद झाला आणि दोन वर्षं घरात भिंतीकडं तोंड करून बसला. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी नाटकं करतो म्हणालं. तिनं ताईत बांधले, रागानं चार फटकेही दिले. शेवटी कुणीतरी या दवाखान्याचा रस्ता दाखवला. मॅडमनी त्या वेळी तिला असंच बाहेर घालवलं होतं आणि तासाभरानं आत बोलावलं, तेव्हा दोन वर्षांनी ताबीश तिच्याकडं बघून बोलला होता. आज तो पुण्यात कारखान्यात सुपरवायझर आहे. तो बरा झाला आणि आईच दवाखान्यात अडकली. शाळेचे गणवेश शिवायचं कारखान्यातलं काम सोडून ती तिथं मदतनीस म्हणून लागली.

तर तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर बजाबाई नावाची एक बाई आपल्या भाचीला घेऊन आली. भाची रेश्मा, वय सोळा, मूळची मोडनिंबची. दहावीला शाळेत पहिली आली म्हणून वडिलांनी, रावजींनी, तिला अकरावीला सोलापुरात आत्याकडं ठेवलं आणि नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला घातलं. क्लासच्या खोलीत दीडशे पोरं. रेश्माला तिथं बसलं की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. मग रस्त्यावरची गर्दीही सोसेना. मग झोप गेली, जेवण गेलं. एके दिवशी ती आत्याला म्हणाली, ‘मी नसले तर सगळ्यांचं बरं हुईल.’ बजाबाई चार बुकं शिकलेली नव्हती, पण हे वाक्य ऐकून ती देवऋषाकडं गेली नाही, हे तिचे उपकार. शेजारणीला विचारून सरळ गुरुवारी इथं आली.

पहिल्या दिवशी रेश्माला बाहेरच्या बाकावरही बसवेना, कारण बाकावर आठ माणसं होती. खालानं तिला आपल्या टेबलामागं, कागदांच्या कपाटाआड स्टूल दिलं आणि एका शब्दानं काही विचारलं नाही. दुसऱ्या गुरुवारी पोरगी आपणहून त्या स्टुलावर जाऊन बसली. गोळ्या सुरू झाल्या, मॅडमशी बोलणं सुरू झालं. मॅडम तिला थोडं थोडं करून गर्दीत जायला शिकवत होत्या. आज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, उद्या भाजी मंडईच्या तोंडापर्यंत. नवव्या गुरुवारी ती बाकावर, दोन बायांच्या मधे बसली आणि खालाकडं बघून हळूच हसली. त्या दिवशी खालानं घरी जाताना जिलबी घेतली. गौसनं विचारलं, ‘आज क्या है जी?’ ती म्हणाली, ‘कुछ नै, खाओ चुप.’

मग जानेवारीत गड्डा, म्हणजे संक्रांतीची मोठी जत्रा, भरला. होम मैदानावर पाळणे उभे राहिले, अख्खं सोलापूर तिकडं लोटलं. खाला आणि गौसही गेले. पाळण्याच्या रांगेजवळ एवढी दाटी की पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या दाटीच्या बरोब्बर मधे, हातात भेळेचा कागद घेऊन, चार मैत्रिणींबरोबर खिदळत उभी होती रेश्मा.

खालाला काय वाटलं असेल! आठ माणसांच्या बाकाला भिणारी पोरगी आठ हजार माणसांत उभी राहून हसत होती. खालाचा ऊर असा भरून आला की डोकं बाजूलाच राहिलं. तिनं गौसचा हात सोडला, गर्दीत शिरली, रेश्माचे दोन्ही गाल धरले आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, ‘अगं माझ्या वाघिणी! एवढ्या गर्दीत आलीस? गोळ्या घेतीस न्हवं येळेवर? गुरवारी मॅडमकडं यायचं, इसरू नको हां!’

सोलापुरी माणसाची माया ही अशीच, चार लोकांत मोठ्यानं. आपल्याकडं मायेनं हाक मारायची म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्यांनी वळून बघितलं पाहिजे. खालाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रेश्मा ‘व्हय खाला’ एवढंच म्हणाली. तिचं हसू जागच्या जागी मावळलं. पण गर्दीच्या रेट्यात खाला पुढं सरकली होती आणि तिनं ते पाहिलं नाही. मागं एक मैत्रीण विचारत होती, ‘कसल्या गोळ्या गं?’

त्या गुरुवारी रेश्मा आली नाही. खालाला वाटलं, परीक्षा असेल. पुढच्या गुरुवारी एकटी बजाबाई आली. तिच्या हातात गोळ्यांची पाकिटं होती, अर्धी भरलेली. मॅडमच्या खोलीत पेशंट होता, म्हणून ती खालाच्या टेबलासमोरच बसली आणि बोलायला लागली.

‘रेश्माला रावजी घिऊन गेला गावाकडं. कालेज बंद. गोळ्या बी बंद. गड्ड्यात कुणीतरी बाईनं सगळ्यांदेखत गोळ्यांचं इचारलं म्हणं. पोरींनी क्लासच्या ग्रुपवर टाकलं. गोळीच म्हणायलीत तिला. फळ्यावर लिवलं कुणीतरी. चार दिवस पोरगी उठली न्हाय बघा अंथरुणातनं.’

खालाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. ‘कोण बाई, सांगितलं न्हाय तिनं?’

‘लई इचारलं. म्हणती, वळखीची न्हवती. न्हाय सांगत.’

पोरीनं नाव सांगितलं नव्हतं. ज्या बाईनं तिचं सावरत आलेलं सगळं मोडलं, तिचंच नाव त्या सोळा वर्षांच्या पोरीनं पोटात ठेवलं होतं. खालाला वाटलं, जमीन फाटावी. आणि हेही कळत होतं की आता गप्प बसलं तर कुणाला कधीच काही समजणार नाही. मॅडमना नाही, बजाबाईला नाही, संस्थेच्या ऑफिसला तर नाहीच. पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा नियम कामाला लागतानाच तिच्याकडून सही करून घेतलेला होता. काम जाऊ शकत होतं.

आतला पेशंट बाहेर आला. खालानं बजाबाईचा हात धरून तिला आत नेलं आणि दार लावलं. ‘मॅडम, गड्ड्यातली ती बाई मी हाय.’

बजाबाईनं तोंडाला पदर लावला. खालाला त्यांनी रागवायला पाहिजे होतं, चार शब्द ऐकवायला पाहिजे होते. पण मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाल्या, ‘चूक मोठी आहे, खाला. ऑफिसला मला लेखी कळवावं लागेल. पण ते उद्या. आज त्या मुलीचं काय करायचं ते बघू. गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात, आणि तिला एकटं सोडून तर अजिबात चालणार नाही.’

त्यांनी तिथूनच रावजींना फोन लावला. रावजींचं मोडनिंबला हायवेवर ठिबकच्या पायपांचं दुकान आहे. ‘मॅडम, तुमचे उपकार हायत,’ ते म्हणाले, ‘पण पोरगी बरी हुती की, गड्ड्याला गेली, हसली-खेळली. ह्या दवाखान्याच्या नावानंच समदं बिघाडलं. आता औषध न्हाय आन् दवाखाना बी न्हाय. तुमची माणसं हिकडं पाठवू नका, दारात दवाखाना आला तर गावात बोंब हुईल. चांगलं स्थळ आलं तर उरकून टाकू.’ मॅडमनी गोळ्यांचं समजावलं, घरात कुणीतरी सतत तिच्याजवळ असू द्या म्हणून बजावलं. त्यांनी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला.

‘मी जाते,’ खाला म्हणाली. ‘आत्ताच्या आत्ता जाते. पाय धरते.’

‘न विचारता गेलात तर तीच चूक दुसऱ्यांदा होईल,’ मॅडम म्हणाल्या. ‘आधी रेश्माला विचारा. ती या म्हणाली तर जा. नाही म्हणाली तर नाही.’

बजाबाईनं रात्री भावाच्या घरी फोन करून रेश्माशी बोलणं केलं. खाला आपल्या घरी फोनकडं बघत बसलेली. उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘येऊ दे. पण गावात दवाखान्याची म्हणून नको, घरात सांगितलं तरी चालंल. तुझी मैत्रीण म्हणून ये म्हणाव.’ त्या दोन दिवसांत खालानं घरात एक शब्द काढला नाही. गौस घाबरला. शेवटी तिनं त्याला सगळं सांगितलं, अर्थात पोरीचं नाव सोडून. गौस म्हणाला, ‘जाके बोल दे. इत्ताच कर. ज्यादा नक्को बोल.’ आयुष्यभर बायकोचं बोलणं ऐकत आलेल्या माणसानं दिलेला हा सल्ला सोन्याच्या मोलाचा होता.

रविवारी दोघी एस.टी.नं मोडनिंबला उतरल्या. शेजारी कोण बसलंय हे खालानं सबंध वाटेत बघितलंही नाही. रावजींचं घर दुकानाच्या मागंच होतं. रावजी उंच, अंगानं भरलेले. पाहुणी म्हणून त्यांनी पाणी दिलं, चटई टाकली. रेश्माची आई चहा टाकायला आत गेली. रेश्मा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दहा-बारा दिवसांत पोरगी निम्मी झाली होती, आणि खालाकडं बघत नव्हती.

‘पावणं कुठलं, भाबी?’ रावजींनी विचारलं.

खालानं वाटेत चांगली लांबलचक वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी विसरली. ‘सोलापूरची. भाऊ, मी बजाबाईची मैत्रीण हाय खरी, पण गड्ड्यात तुमच्या पोरीला चारचौघांत गोळ्यांचं इचारणारी बाई बी मीच. दवाखान्यात कामाला हाय.’

रावजी उठले. त्यांचा चेहरा तापला. पण दारात आलेल्या बाईला घालवून द्यायचं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून ते नुसतेच उभे राहिले. खाला त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती रेश्माकडं वळली, आणि चटईवरनं उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘रेश्मा, चुकलं माझं. तुझी गोष्ट तुझी हुती. कुणाला सांगायची, सांगायची का न्हाय, ते तू ठरवणार. मी ती भर गर्दीत मांडली. तू माझं नाव बी कुणाला सांगितलं न्हायस. मला माफ कर, बेटा.’ आणि तिनं हात जोडले.

आता हे आपल्याकडं होत नाही. आपल्याकडं मोठं माणूस चुकतं, नाही असं नाही. पण लहानापुढं कबूल करत नाही. फार तर संध्याकाळी हातात खाऊ ठेवतं आणि लहानानं त्यात काय ते समजून घ्यायचं. हात जोडलेले पाहून रावजी एकदम पुढं आले. राग कुठल्या कुठं गेला, आता माणूस नुसता अवघडला होता.

‘अवो भाबी, हे काय? तुमी तिच्या आईच्या वयाच्या. लेकराची माफी कुणी मागतंय व्हय? पाप लागंल तिला.’

‘चूक मोठ्या माणसाची असली तर माफी बी मोठ्या माणसानंच मागायची की, भाऊ.’

रेश्मा रडायला लागली. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं. खालाला तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण ती जागची हलली नाही. रेश्मा खालाशी बोललीच नाही. ती वडिलांकडं बघून म्हणाली, ‘आबा, तुमी मला एकदा बी इचारलं न्हाय. काय हुतंय मला, एकदा बी न्हाय. मला घिऊन आलात. कुलूप लावल्यासारखं आणून ठिवलंत.’

रावजी भिंतीला टेकले. हायवेवर ट्रकवाल्यांशी भांडणारा माणूस तो. ‘काय इचारू, रेश्मा? आत्यानं मला फोनवर सांगितलं हुतं तू काय म्हणलीस ते. मी इचारलं आन् तू माझ्या तोंडावर बी तेच बोललीस तर? मला भ्या वाटतं. लई भ्या वाटतं गं.’

खाला तशीच मागं सरकली. तिनं बजाबाईच्या कोपराला हात लावला, स्वयंपाकघरात जाऊन रेश्माच्या आईलाही ‘वैनी, जरा हिकडं या’ म्हणाली आणि तिघी मागच्या दारानं अंगणात गेल्या. चुलीवर चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. रेश्माच्या आईनं एकदा आत जायला पाय उचलला तेव्हा खालानं तिचा हात धरून ठेवला. आतून रेश्माचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते आणि कुणी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. अर्ध्या तासानं रावजी बाहेर आले. डोळे लाल. ‘जेवून जावा,’ एवढंच म्हणाले.

परतीच्या एस.टी.त बजाबाईनं कपाळाला हात लावला. ‘अवो, दवाखान्यात ये म्हणून सांगायचंच राहिलं की!’

‘राहिलं न्हाय,’ खाला म्हणाली. ‘माफी मागायला गेलते. माफीबरोबर काम सांगितलं तर ती माफी कसली? गोळ्यांचं मॅडम बोलतील. यायचं का न्हाय ते तिला ठरवू दे.’

असं म्हणाली खरी, पण तिच्या मनाला काही ते पटत नव्हतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. मॅडमनी रावजींना पुन्हा फोन केला. गोळ्या सुरू केल्यात, रात्री आई जवळ झोपते, एवढं कळलं. गुरुवारचं विचारल्यावर मात्र ते ‘तिच्यावर हाय’ म्हणाले. मधल्या दिवसांत संस्थेच्या ऑफिसनं खालाला बोलावून लेखी ताकीद दिली. तिनं ती वाचली आणि सही केली. ताकीद मिळाली याचं तिला वाईट वाटलं नाही. मिळाली नसती तर वाटलं असतं, असं ती गौसला म्हणाली. पोरगी आली नाही तर काय, हाच एक किडा तिचं डोकं पोखरत होता.

गुरुवारी दहा वाजता दवाखाना उघडला. पावणेअकरा झाले. साडेअकरा झाले. खाला नावं लिहीत होती, वजनं करत होती आणि फाटकाकडं बघायचं नाही असं ठरवून दर दोन मिनिटांनी बघत होती. मॅडम खोलीतून दोनदा बाहेर डोकावून गेल्या.

पावणेबाराला रावजी केसपेपरच्या खिडकीच्या रांगेत उभे असलेले दिसले. शेजारी रेश्मा, ओढणी घट्ट लपेटलेली. ही खिडकी सबंध दवाखान्याला एकच. डोळ्यांचे, दातांचे, सांध्यांचे, सगळे पेशंट तिथंच रांग लावतात. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. खालाच्या टेबलापासून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. तिनं खाली मान घालून रजिस्टर उघडलं. पोरांनाच नव्हे, कुणालाच आपणहून ओळख दाखवायची नाही, म्हणजे दवाखान्यातलं कोण ते कुणाला कळणार नाही, हे तिचं आता ठरलेलं होतं.

तेवढ्यात डोळ्यांच्या विभागातून हिरवी पट्टी बांधलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईला धरून एक माणूस बाहेर आला. तो मोडनिंबचाच आदिनाथ, खतांचा व्यापारी. त्याचा आवाज खालाच्या आवाजापेक्षाही चढा. ‘अरं रावजी! तुमी हितं कुटं? कोण आजारी हाय?’

रांग वळून बघायला लागली. रेश्माचा हात ओढणीत गेला. आता इथं पुन्हा तेच होणार आणि ही पोरगी परत कधी येणार नाही, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

‘मलाच जरा,’ रावजी म्हणाले. ‘शुगर वाढलीय. चक्कर येतीया.’ एवढा मोठा माणूस, लेकीसाठी सगळा आजार अंगावर घेत होता.

‘शुगर? आन् पोरीला कशाला आणलंय मग, कालेज बुडवून?’

रेश्मानं ओढणी सोडली. तिचा आवाज बारीक होता, पण रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेला. ‘आबांना शुगर न्हाय, काका. मी आजारी हाय. मनाच्या डॉक्टरकडं आलोय माझ्यासाठी. बरी हुईन.’

आदिनाथच्या म्हातारीनं एक डोळा झाकलेला असताना दुसऱ्यानं पोरीकडं नीट बघितलं आणि म्हणाली, ‘हुशील की बाळ. का न्हाय हुणार?’ मग लेकाच्या दंडाला ढोसून, ‘चल, रिक्षा बघ.’ रावजींनी मान वर केली. मघापासून आखडलेले त्यांचे खांदे सैल झाले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘माझी लेक हाय ही. रेश्मा.’

खालानं मान वर केली नाही. रजिस्टरची ओळ तिला दिसत नव्हती, कारण डोळे भरले होते. ताबीशला पहिला पगार मिळाला तेव्हाही तिला एवढा अभिमान वाटला नव्हता. गर्दीत उभं राहणं मॅडमनी शिकवलं असेल. पण हे आत्ता जे झालं ते कुणी शिकवलेलं नव्हतं, ते पोरीचं स्वतःचं होतं. तिच्या तोंडून तिची गोष्ट निघाली होती, तिला हवी तेव्हा आणि तिला हवी तशी. सगळ्या जगाला ओरडून सांगावं असं खालाला वाटत होतं, आणि ती ओठ दाबून गप्प बसली होती. बोलघेवड्या बाईच्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड पाच मिनिटं.

केसपेपर घेऊन रेश्मा टेबलासमोर आली. खालानं तो घेतला, तारीख टाकली आणि परत दिला. ‘आत मोकळंच हाय. जा.’

‘आबा, तुमी बाहेरच थांबा,’ रेश्मा म्हणाली. ती एकटी आत गेली आणि दार तिनंच लोटून घेतलं.